काळजाला दुसरा डाग

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. औषध, क्षार आणि शस्त्र यांना जे रोग दाद देत नाहीत ते अग्नीपुढे नमतात, आणि अग्नीने एकदा भाजलेला रोग पुन्हा डोके वर काढीत नाही, असा त्या अध्यायाच्या आरंभीचाच अभिप्राय आहे. भाजण्याची साधनेही तेथे सांगितली आहेत. पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाणाचे टोक, धातूची सळई. खोलवरच्या जागेसाठी मध, गूळ, तूप-तेल. आमच्या मुलखात या शास्त्राचा शेवटचा अवशेष म्हणजे डाग. बैलाचा खांदा धरला, दे डाग. पोराचे पोट फुगले, लाव बिब्बा. यात शहाणपण किती होते आणि निव्वळ क्रौर्य किती होते याचा हिशेब आज कोणी मांडू नये हेच बरे. पण डाग दिलेले दुखणे परतत नाही ही समजूत मात्र लोकांच्या मनात पक्की रुतून बसली आहे.

आज हृदयाला आतून डाग देतात. मांडीच्या शिरेतून नळी वर चढवायची, ती हृदयात पोचवायची, आणि तिच्या टोकाने ठराविक जागा भाजायची. या क्रियेला डॉक्टर ‘ॲब्लेशन’ म्हणतात. हृदयाचे ठोके बेताल करणाऱ्या ‘एट्रियल फिब्रिलेशन’ नावाच्या विकारावर ती करतात, आणि गंमत अशी की सुश्रुताच्या वचनाला येथे हमखास आव्हान मिळते. बऱ्याच रोग्यांत हा विकार परततो, आणि डॉक्टर पुन्हा एकदा नळी घालावी असे सुचवितात. हे असे का व्हावे, याच्या मागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. तो मी का धुंडाळीत बसलो, हेही सांगितले पाहिजे.

आमचे थोरले चुलते, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, मुरुमच्या बाजारात आडतीचे दुकान चालवितात. वय चौसष्ट. तुरीची पोती डोळ्यांनी तोलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत अधूनमधून फडफड होऊ लागली. पिंजऱ्यात पाखरू सापडावे तशी, हे त्यांचेच शब्द. पायऱ्या चढताना दम लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि मग दोन तासांनी सारे आपोआप ठीक. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या; शेवटी एका मोठ्या शहरातील इस्पितळात ॲब्लेशन झाले. लाखांच्या घरातला खर्च. घरी सोडताना तेथल्या कोणी तरी ‘आता हे दुखणे विसरून जा’ असे त्यांना सांगितले. अण्णा विसरलेही. अकरा महिने विसरले. बाराव्या महिन्यात, तुरीचा सौदा ऐन रंगात असता, पाखरू परत आले. नव्या डॉक्टरांनी पट्टी काढली, तपासण्या केल्या आणि दुसऱ्या ॲब्लेशनचा सल्ला दिला. त्या रात्री अण्णा माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तरी घरात पुस्तके असलेला माणूस मीच.

“मास्तर,” ते म्हणाले, “एकदा डाग दिला की. मग पुन्हा कामून?”

हा प्रश्न आडत्याचा होता, आणि रास्त होता. एका मालाचे पैसे दोनदा का मोजायचे? मला उत्तर येत नव्हते. पुढले चार महिने मी जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, त्यातून हा लेख झाला.

शाळेच्या पुस्तकात हृदयाचे चित्र असते. वर दोन कप्पे, ती अलिंदे. खाली दोन, ती निलये. उजव्या अलिंदाच्या माथ्यावर पेशींचा एक पुंजका असतो. तो मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा विजेची बारीकशी ठिणगी सोडतो. ती अलिंदांतून पसरते, मधल्या एका अरुंद दारातून खाली उतरते आणि निलये आकुंचन पावतात. एका ठिणगीस एक ठोका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांत एकाच वेळी अनेक ठिकाणी ठिणग्या भटकू लागतात, मिनिटाला साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत. अलिंदे मग आवळत नाहीत, नुसती थरथरतात. मधले दार शहाणे असते, ते सगळ्यांना आत घेत नाही; पण ज्यांना घेते त्यांना ना वेळ ना काळ. म्हणून नाडी जलद तर होतेच, शिवाय तिचा कोणताही ठोका पुढल्याशी जुळत नाही.

ही थरथर पाश्चात्त्यांत प्रथम डोळ्यांनी पाहिली ती बहुधा विल्यम हार्वीने. रक्ताभिसरणाचा शोध सांगणारा त्याचा ग्रंथ १६२८ साली निघाला. मरणाऱ्या प्राण्याचे हृदय कसे टप्प्याटप्प्याने थांबत जाते हे त्यात आहे. निलये थांबतात, डावे अलिंद थांबते, उजवे अलिंद मात्र सर्वांत शेवटपर्यंत धडपडते. आणि तेही थांबल्यावर त्यात काही काळ अस्पष्ट हालचाल दिसत राहते. एका कबुतराचे हृदय पूर्ण थांबल्यावर हार्वीने थुंकीने ओले केलेले आपले ऊबदार बोट त्यावर ठेवले, तो ते पुन्हा चालू लागले, असेही तो लिहितो. हृदयाला बाहेरून कोणी स्पर्श केला आणि त्याची चाल बदलली, याची ही एक फार जुनी नोंद. तिच्यात नळी नाही, वीज नाही, केवळ बोट आहे.

यानंतरची हकीकत आमच्या घराजवळची आहे, आणि ती आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही याचे मला नवल वाटते. मुरुम तेव्हा निजामाच्या मुलखात होते. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म हुंगविताना काही रोगी टेबलावरच एकाएकी मरत. ते कशाने मरतात, श्वास अडून की हृदय थांबून, यावर इंग्लंडात मोठा वाद माजला होता. हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे ठाम मताचे गृहस्थ. श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे बघूही नका, ही त्यांची शिकवण. ती सिद्ध करण्यासाठी १८८८ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्म कमिशन बसले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राने शंका घेतली तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन त्या पत्राचा प्रतिनिधी बोलावून घेतला. तो म्हणजे प्रसिद्ध वैद्य लॉडर ब्रंटन. १८८९ मध्ये दुसरे कमिशन झाले. हैदराबाद मेडिकल स्कूलमधून तयार झालेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाईंचाही त्या कामात हात होता. शेकडो कुत्र्यांवर आणि काही माकडांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला: क्लोरोफॉर्म हृदयाला मारीत नाही.

निकाल चुकला होता. स्कॉटलंडातील ॲबर्डीनचा जॉन मॅकविल्यम याने १८८७ सालीच हृदयाच्या थरथरीचे वर्णन केले होते, आणि १८८९ मध्ये त्याने असे मांडले की माणसे एकाएकी मरतात त्यामागे निलयांची हीच थरथर असावी. त्याचे तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही. १९११ साली गुडमन लेव्ही आणि टॉमस ल्यूइस यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की क्लोरोफॉर्मची गुंगी अर्धवट असता हृदयाची लय बिघडते, आणि लेव्हीने पुढे दाखविले की निलये थरथरू लागून प्राणी मरतो. हैदराबादेतल्या कुत्र्यांना भरपूर क्लोरोफॉर्म दिलेला होता. धोका थोड्यात होता. शेकडो प्रयोग करूनही प्रश्न नेमका विचारला नाही तर उत्तर हुलकावणी देते ते असे. येथे वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. खालच्या कप्प्यांची थरथर काही मिनिटांत जीव घेते. वरच्या कप्प्यांची थरथर घेऊन माणूस वर्षानुवर्षे बाजार करतो. अण्णांचे दुखणे दुसऱ्या जातीचे.

ती दुसरी जात माणसात ओळखण्याचा मान दोघांना द्यावा लागेल. पहिला जेम्स मॅकेंझी, इंग्लंडातल्या बर्न्ली या गिरणगावचा साधा डॉक्टर. त्याने मनगटाची नाडी आणि गळ्याची शीर एकाच वेळी कागदावर उमटविणारे यंत्र केले. आपल्याकडे शार्ङ्गधराने नाडीची चाल सर्पाची, बेडकाची, हंसाची अशी सांगितली आहे. मॅकेंझीने तिची रेघ काढली. वर्षानुवर्षे तेच तेच रोगी तपासीत असल्याने त्याला एका बाईच्या बाबतीत दिसून आले की नाडी बेताल झाली त्याच वेळी गळ्याच्या शिरेतील अलिंदाची लाट नाहीशी झाली. अलिंद आवळणे थांबले आहे, हे त्याने अचूक ताडले. का थांबले ते त्यास सांगता आले नाही. ते सांगितले दुसऱ्याने, लंडनच्या टॉमस ल्यूइसने. हॉलंडातील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन याने चांदीचा मुलामा दिलेल्या स्फटिकाच्या बारीक तंतूवर हृदयाची वीज पकडणारे यंत्र तयार केले होते. वजन सुमारे पावणेतीनशे किलो, चालवायला पाच माणसे, आणि रोग्याने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. आज गावोगावच्या दवाखान्यात जी पट्टी पाच मिनिटांत निघते तिचे हे मूळ. त्या यंत्राच्या बळावर १९०९ साली ल्यूइसने, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी, ही बेताल नाडी म्हणजे अलिंदांची थरथर होय हे सिद्ध केले. ल्यूइसचे तेवढ्याने समाधान झाले नाही. अशीच नाडी असलेला एक घोडा त्याने मिळविला, छाती उघडली आणि थरथरते अलिंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

आता औषध. ही कथा मी अण्णांना सांगितली तेव्हा ते खूष झाले, कारण तिचा नायक व्यापारी आहे. १९१२ साली वेंकेबाख या डच हृदयवैद्याकडे पूर्वेकडच्या वसाहतींत राहिलेला एक व्यापारी आला. नाडी बेताल. वेंकेबाख म्हणाला, याला इलाज नाही. व्यापारी म्हणाला, माझ्या हिशेबाच्या वह्या नीट असतात, हृदयाचा कारभारही नीट असावा अशी माझी अपेक्षा आहे, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी तो आला तो नाडी घड्याळासारखी. त्याने काय केले होते? कोयनेल घेतले होते, एक ग्रॅम. हिवतापासाठी घेत असता त्याला हा गुण आपसूक कळला होता. वेंकेबाखने १९१४ साली ही गोष्ट प्रामाणिकपणे छापली, आणि १९१८ मध्ये फ्रे या डॉक्टराने कोयनेलचे भावंड क्विनिडीन अधिक गुणकारी असल्याचे दाखविले. ज्या काळी आमच्या सीमेपलीकडच्या ब्रिटिश मुलखात पोस्टाच्या खिडकीवर कोयनेलच्या पुड्या विकत, आणि सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडून (१८९७) थोडीच वर्षे लोटली होती, त्या काळची ही गोष्ट. पण कोयनेल काय, क्विनिडीन काय, आणि त्यानंतरच्या गोळ्या काय, साऱ्यांची तऱ्हा एकच. घेत आहात तोवर बरे. कधी घेत असूनही नाही. आणि कधी औषधच लय बिघडविते. विकार हटत नाही, दबून राहतो.

दबलेल्याला मुळातून उपटायचे तर हृदयाच्या आत पोचले पाहिजे. ते दार उघडले एका वेड्या धाडसाने. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा पंचविशीतला डॉक्टर होता. वरिष्ठांनी मनाई केलेली. निर्जंतुक हत्यारांच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे. त्याने तिला राजी केले. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर कर. त्याने तिला टेबलावर निजवून हातपाय बांधले, आणि नळी घातली ती स्वतःच्या डाव्या दंडाच्या शिरेत! मूत्रमार्गाची ती साधी नळी. पासष्ट सेंटिमीटर आत सरकविली. मग तिला सोडविले आणि नळी तशीच ठेवून दोघे जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेले. चित्रात नळीचे टोक उजव्या अलिंदात दिसत होते. बक्षीस म्हणून नोकरी गेली. असले प्रकार सर्कशीत शोभतात असे एक बडे सर्जन म्हणाल्याचे सांगतात. पुढे तो नाझी पक्षात गेला, हेही लपविण्याचे कारण नाही. अमेरिकेत कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी ती नळी शास्त्राच्या कामी लावली, आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा फोर्समान एका छोट्या गावात मूत्रविकारांचा डॉक्टर होता.

नळी पोचली, पण तिने भाजता येईल हे सुचायला आणखी पन्नास वर्षे आणि एक अपघात लागला. १९७९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एक प्रसंग नोंदविला. एका रोग्याच्या हृदयात नळी असताना छातीवर बाहेरून विजेचा धक्का द्यावा लागला. वीज नळीच्या टोकाशी एकवटली आणि अलिंद-निलयांमधले ते अरुंद दार कायमचे बंद झाले. दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारला असता. काहींना त्यात उपाय दिसला. सॅन फ्रान्सिस्कोचे मेल्विन शाइनमन यांनी १९८२ मध्ये हाच प्रकार हेतुपुरस्सर केल्याचे जाहीर केले. दार जाळायचे आणि निलयांना पेसमेकर बसवायचा. अलिंदे वर थरथरत राहोत, खाली घड्याळ चालू. हा मार्ग निर्वाणीचा म्हणून आजही शिल्लक आहे. धक्क्याची दांडगाई पुढे गेली आणि तिच्या जागी सर्जन चिरा भाजायला वापरतात तसला, वेगाने उलटसुलट होणारा विद्युत्प्रवाह आला. त्याने टोकाखालचे स्नायू पन्नास अंशांपलीकडे तापून मरतात आणि तेथे व्रण धरतो. व्रणातून वीज जात नाही. सारी मेख या एका वाक्यात आहे.

१९८७ साली सेंट लुईसमध्ये जेम्स कॉक्स या सर्जनने छाती उघडून अलिंदे ठराविक रेषांवर कापली आणि पुन्हा शिवली. भटक्या ठिणग्यांना फिरायला जागाच उरू नये अशी ती रचना. तिला नाव पडले ‘मेझ’, आपल्या भाषेत चक्रव्यूह. उपाय जालीम, पण छाती फाडून हृदय थांबवून करायचा. मग १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथून मिशेल आईसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला आणि सारे चित्र पालटले. पंचेचाळीस रोगी. थरथर जेथून पेटते अशा एकोणसत्तर जागा त्यांनी हुडकल्या, आणि त्यांतल्या पासष्ट अलिंदात नव्हत्याच! फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या ज्या चार शिरा डाव्या अलिंदाला मिळतात, त्यांच्या तोंडांत होत्या. या शिरांवर हृदयाचे स्नायू थोडे अंतर चढलेले असतात, बाहीसारखे. शरीरशास्त्रज्ञांना ते फार पूर्वीपासून माहीत होते. त्या बाहीत आग दडली असेल असे मात्र ध्यानी आले नव्हते. त्या जागा भाजल्यावर सरासरी आठ महिन्यांनी अठ्ठावीस रोगी विकारमुक्त होते. म्हणजे सतरा नव्हते. पुनरावृत्तीचा प्रश्न असा पहिल्याच निबंधात हजर आहे.

पुढे एकेक जागा शोधण्याऐवजी शिरेच्या तोंडाभोवती पूर्ण कुंपण घालण्याची रीत पडली, कारण शिरेच्या आत भाजले की शीर आकसते. आता अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर याच कुंपणात आहे. शेताला काटेरी कुडाचे कुंपण करतो, तसे हे ठिपक्याला ठिपका लावून केलेले असते. भिंत दोन-तीन मिलिमीटर जाडीची. सतत हलणारी. तिच्या पाठीशी लागूनच अन्ननलिका, म्हणून तेथे हात आवरावा लागतो. फार भाजले तर अन्ननलिकेला भोक पडते, आणि हा प्रकार क्वचित घडला तरी बहुधा प्राणावर बेततो. डाग दिला त्या दिवशी काही भाग मरतो, काही नुसता सुजतो. सुजलेल्यातूनही वीज जात नाही, म्हणून डॉक्टरांना त्या दिवशी कुंपण सलग दिसते. सूज ओसरते, अर्धमेले स्नायू सावरतात, आणि कुंपणाला दांडी पडते. एखाद्या शेळीला शिरायला केवढी जागा लागते? तेवढीच विजेला लागते, त्याहून कमी. जखम भरून येणे हा शरीराचा गुण, ज्याच्या बळावर आपण सारे जगतो, तोच येथे आड येतो. सुश्रुताची सळई दिसणाऱ्या मांसाला लागत होती. तेथे हात राखायचे कारण नव्हते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके चुकले तर त्यास अपयश मानीत नाहीत. ती व्रणाची कुरबूर असते. त्यानंतरचे परतणे खरे. बोर्दोच्याच मंडळींनी २०११ साली आपल्या पहिल्या शंभर रोग्यांचा पाच वर्षांचा हिशेब जाहीर केला. आपलीच वही अशी उघडी करणारे लोक मला आदरणीय वाटतात. एकाच ॲब्लेशनवर पाच वर्षे निभावलेले शंभरात एकोणतीस. पुनःपुन्हा करून, शेवटच्या खेपेपासून पाच वर्षे निभावलेले त्रेसष्ट. शंभर माणसांवर मिळून एकशे पंच्याहत्तर खेपा. ही शतकाच्या आरंभीची, जुन्या नळ्यांची गोष्ट आहे; आजचे आकडे त्याहून चांगले आहेत. पण ‘विसरून जा’ असे सांगण्याजोगे ते तेव्हाही नव्हते आणि आजही नाहीत. मला राग आहे तो परतण्याचा नाही, या न सांगण्याचा आहे. आधी सांगितले असते तर अण्णा फसल्याची भावना घेऊन माझ्या ओसरीवर आले नसते.

दुसऱ्या खेपेस जास्त भाजले तर? हाही प्रश्न अण्णांचाच. शेतकऱ्याला एक फवारणी लागू पडली नाही की दुप्पट औषध घालायची सवय असते. २०१५ साली छापलेल्या एका मोठ्या चाचणीत, हट्टाने टिकून राहणाऱ्या थरथरीच्या ५८९ रोग्यांपैकी काहींना केवळ शिरांचे कुंपण घातले आणि काहींना त्याखेरीज आणखी डाग दिले. दीड वर्षाने केवळ कुंपणवाले शंभरात एकोणसाठ ठीक होते. जादा डागवाले एका गटात एकोणपन्नास, दुसऱ्यात शेहेचाळीस. तेव्हा दुसरी खेप म्हणजे आधी जुन्या कुंपणाची दांडी शोधून बुजविणे. कुंपण शाबूत असूनही विकार परतला असेल, तर मामला निराळा आणि कठीण.

तो कठीण का होतो याचे उत्तर शेळ्यांनी दिले आहे, आणि उस्मानाबादी शेळीच्या जिल्ह्यात राहून मी ते गाळले तर शेजारी माफ करणार नाहीत. हॉलंडातील मास्त्रिख्त येथे अ‍ॅलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी शेळ्यांच्या अलिंदांना तारा जोडल्या. लय सुधारली की यंत्राने पुन्हा थरथर सुरू करायची. पहिल्या दिवशी ती काही सेकंदांत आपोआप थांबे. दोन-तीन आठवडे हा उद्योग चालू ठेवल्यावर बहुतेक शेळ्यांत ती दिवसदिवस टिकू लागली. १९९५ साली त्यांनी निष्कर्ष छापला: थरथरच थरथरीला जन्म देते. पायवाटेवरून रोज गाडी गेली की चाकोरी पडते, तसे. म्हणूनच परतलेला विकार वर्षानुवर्षे अंगावर काढून मग दुसऱ्या खेपेचा विचार करणे हा तोट्याचा सौदा.

मात्र चाकोरी पाडणारा बैल निराळाच असू शकतो. रक्तदाब, चढलेले वजन, झोपेतले घोरणे आणि मध्येच श्वास अडणे, दारू. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे प्रशांतन सँडर्स यांच्या पथकाने २०१५ साली दाखविले की लठ्ठ रोग्यांनी दहा टक्के वजन उतरवून ते टिकविले, तर विकारमुक्त राहण्याची शक्यता सहापट होते. आमच्या देशात आणखी एक कारण जुने आहे. लहानपणी घसा धरून, सांधे सुजून येणारा ताप हृदयाची झडप खराब करतो. सेहेचाळीस देशांच्या एका पाहणीत, २०१४ साली, या विकाराच्या भारतीय रोग्यांपैकी शंभरात एकतीस-बत्तीस जणांच्या मुळाशी हे दुखणे होते; उत्तर अमेरिकेत शंभरात दोन. अशांची झडप आधी पाहावी लागते, डाग नंतर.

आणि एक गोळी, जिच्याविषयी दोन्ही खेपांनंतर लोकांचा गैरसमज होतो. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते, गाठ बनते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. त्याचा संभव सुमारे पाचपट वाढतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा जन्म गोठ्यातला. अमेरिकेत कुजके गोड गवत खाऊन गुरे रक्त वाहून मरत. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न साकळलेल्या रक्ताचा दुधाचा डबा घेऊन बर्फातून विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. त्या रक्ताच्या तपासातून वॉरफरिन निघाले. आधी १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून, मग माणसांचे औषध म्हणून. आता नव्या गोळ्याही आहेत. ठोके ताळ्यावर आले म्हणजे गोळी सुटली असे नाही. ती वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका यांवरून ठरते. ॲब्लेशन यशस्वी झाले म्हणून आपल्या मनाने ती टाकणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

हे सारे मी अण्णांना ओसरीवर चार संध्याकाळी सांगितले. त्यांनी मधे मधे हिशेबी प्रश्न केले. दुसऱ्या खेपेस धोका किती? आहेच, हृदयाला छिद्र पडून भोवती रक्त साचणे, मांडीत रक्तस्राव, क्वचित झटका. जीव वाढेल का? आयुष्य वाढते असे सर्वांच्या बाबतीत सिद्ध झालेले नाही. २०१९ साली छापलेल्या २,२०४ रोग्यांच्या चाचणीत मृत्यू, झटका यांचा फरक निश्चित ठरला नाही, मात्र रोज जगण्यात आराम पडला हे दिसले. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आराम तर आराम. पण आता मला कुणी कायमचं म्हणू नये. गिऱ्हाइकाला मी सुदिक तसं म्हणत नाही.”

त्यांनी आधी सहा महिन्यांत नऊ किलो वजन उतरविले. रात्रीचे जेवण दिवस मावळायला आणि पहाटे रानाच्या वाटेने चालणे. घोरण्याची तपासणीही करून घेतली. मग दुसरी खेप झाली, दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी आत आधी नकाशा घेतला. चार शिरांपैकी तिघींचे कुंपण शाबूत होते. डाव्या बाजूच्या वरच्या शिरेच्या कडेला दांडी सापडली. तेवढीच बुजविली. मी त्यांना विजेच्या क्षणिक धक्क्यांच्या नव्या तंत्राविषयी विचारले. त्यात उष्णतेने न भाजता पेशींची आवरणे फोडतात, आणि अन्ननलिकेला जपले जाते असे म्हणतात. युरोपात २०२१ पासून, अमेरिकेत २०२३ च्या अखेरीपासून त्यास परवानगी आहे. डॉक्टर म्हणाले, तंत्र चांगले आहे, पण पाच-दहा वर्षांचा हिशेब अजून हाती यायचा आहे. तो येईपर्यंत अण्णा दर तीन महिन्यांनी पट्टी काढून आणतात, आणि तिच्यावर तारीख घालून ती दुकानाच्या खतावणीत ठेवतात.